खाडीत भिजलेल्या गोळ्या

देवरे बाईंच्या हातात काहीही दिलं की त्या ते आधी उजव्या तळहातावर ठेवत, उजेडाकडे वळत आणि निरखून बघत. खडू असो, पेढा असो, पाकिटातून काढलेली नवी सुई असो. स्टाफरूममध्ये कोणाकडे बारसं झालं की पेढ्यांचा डबा फिरायचा. बाकीचे पेढा तोंडात टाकून मोकळे व्हायचे आणि बाई मात्र तो हातावर घेऊन खालून-वरून तपासत उभ्या. आम्ही हसायचो. ही सवय त्यांना कुठून लागली ते कळल्यावर माझं हसणं आपोआप बंद झालं. बाई गेल्याचा निरोप मला परवा नाशिकला मिळाला, आणि पहिल्यांदा डोळ्यांसमोर आला तो हा तळहात.

सुरतेत लिंबायतच्या बाजूला आमची मराठी शाळा. मुलं बहुतेक खानदेशी, आईबाप लूमवर नाहीतर साड्यांच्या कामावर. मी नाशिकची. नवरा हजिऱ्याच्या कारखान्यात, म्हणून सुरतेत आले आणि या शाळेत मराठी शिकवू लागले. बाई धुळ्याकडच्या. पीटी घ्यायच्या आणि एनसीसी बघायच्या. उंची बेताची, आवाज अख्ख्या मैदानाला पुरेल असा, साडी घट्ट खोचलेली आणि पायांत कॅनव्हासचे बूट. रागावल्या की अहिराणीत बोलत, फार रागावल्या की एकदम शुद्ध मराठीत. मुली त्यांच्या अहिराणीला घाबरत नसत. बाईंच्या तोंडून ‘कृपया’ ऐकू आलं की मात्र सगळ्यांची पाचावर धारण बसायची.

शाळेतल्या निवडक मुलींना त्या पॉइंट टू-टू रायफलने नेमबाजी शिकवत. शाळेकडे कुठली आली रायफल! त्यासाठी दर रविवारी मुलींना घेऊन खाडीच्या काठावरच्या एका रायफल क्लबमध्ये जावं लागे. या क्लबचे सेक्रेटरी होते शेलार साहेब. त्यांच्याविषयी मला समतोलपणे लिहिता येणार नाही आणि तसा प्रयत्नही मी करणार नाही. एका मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले, परीटघडीचा सफारी, कपाळाला केशरी टिळा. सगळ्या मुलींना ‘बेटा’ म्हणायचे आणि एकीचंही नाव लक्षात ठेवायचे नाहीत. लायसन्सवर क्लबला मिळणाऱ्या गोळ्यांचा सगळा कारभार त्यांच्या हातात होता. गोळ्यांबद्दल कोणी काही विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, “माल एकदम उत्तम आहे.” मला तो माणूस पहिल्या भेटीतच आवडला नव्हता. माझे माणसांबद्दलचे अंदाज बऱ्याचदा चुकतात. हा चुकला नाही.

सुवर्णा ही बाईंची लाडकी विद्यार्थिनी. बाप लूमवर, घर म्हणजे एक खोली. किडकिडीत पोर, पण रायफल खांद्याला लावली की तिचा श्वाससुद्धा ऐकू यायचा नाही. कागदावरची तिची भोकं एकात एक पडायची. बाई तो कागद स्टाफरूममध्ये आणून आम्हाला दाखवत आणि म्हणत, “हाई पोर मन्हं नाव काढी.”

राज्याच्या निवड चाचणीआधीचा रविवार होता. शेलारांनी कपाटातून परदेशी कंपनीचा एक डबा काढून दिला, खास या मुलींसाठी म्हणून. बाईंनी कंपनीचं नाव वाचलं, खूश झाल्या आणि डब्यातल्या गोळ्या काढून सुवर्णाच्या हातावर ठेवल्या. काही गोळ्या नीट सुटल्या. मग एक गोळी मागच्या बाजूने फुटली. पितळेचा तुकडा आणि जळता वायू सुवर्णाच्या उजव्या डोळ्यात गेला. संरक्षणाचा चष्मा तिला दिलेला नव्हता. क्लबचे चष्मे पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले असत. तिचा डोळा वाचला नाही.

आठवड्याच्या आत क्लबच्या फळ्यावर शेलारांच्या सहीची नोटीस लागली. खेळाडूने बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, पूर्ण बंद न करता चाप ओढल्यामुळे अपघात घडला, असं तीत म्हटलं होतं. पोलिसांनी ते मानलं. शाळेनेही मान डोलावली, कारण मान डोलावणं सोयीचं होतं. लिंबायतच्या गल्लीपर्यंत पोचता पोचता त्याचं झालं, पोरीनं स्वतःच्या हातानं डोळा फोडून घेतला. पुढे सुवर्णाचं लग्न झालं, ती गोडादऱ्याला गेली, तर तिथेही ही गोष्ट तिच्या आधी जाऊन बसलेली. घरी दूध उतू गेलं तरी सासू म्हणायची, “हिचं हे असंच. डोळासुद्धा असाच घालवला.”

बोल्ट बंद होता. बाई सुवर्णाच्या मागेच उभ्या होत्या, त्यांनी तो बंद झालेला स्वतः पाहिला होता. मग गोळी का फुटली? हे सांगितलं शकूबाईंनी, क्लबच्या चौकीदाराच्या बायकोने, बाई आणि मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा. आमच्याकडे खाडीला पूर आला की घरोघर पाणी शिरतं आणि ओसरल्यावर गच्च्यांवर संसार वाळत पडतो, गाद्या, साड्या, पोरांची दप्तरं. त्या वर्षी पाणी क्लबच्या गोळ्यांच्या खोलीतही शिरलं होतं. शकूबाई बोलता बोलता सहज म्हणाल्या, “त्या साली माझे पापड राहूनच गेले, बाई. गच्चीवर जागा कुठं होती? साहेबांनी सगळ्या गोळ्या चादरी टाकून वाळत घातलेल्या.” वाळलेल्या गोळ्या पुसून चांगल्या कंपन्यांच्या रिकाम्या डब्यांत भरल्या आणि परत कपाटात ठेवल्या. गोळी म्हणजे काय गादी आहे, की ऊन दाखवलं आणि झाली कोरडी? पाणी एकदा आत गेलं की पितळ आतून खात जातं, दारूचा काही भरवसा राहत नाही. कधी पेटत नाही, कधी उशिरा पेटते, आणि कधी पितळच दगा देतं. हे शेलारांना माहीत नव्हतं असं मला कोणी सांगू नये. माहीत होतं म्हणूनच तर डबे बदलले.

“हे पोलिसांना सांगाल?” बाईंनी विचारलं. शकूबाई उठून आत गेल्या. त्यांचं राहतं घर क्लबच्या मेहेरबानीवर होतं, त्यांना मी दोष देत नाही. बाईंनीही दिला नाही. परत येताना रिक्षात म्हणाल्या, “मी डबा पाहिला, कर्णिक बाई. गोळी पाहिली नाही.” आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, “कृपया लक्षात ठेवा. या माणसाच्या तोंडून मी हे वदवून घेईन. चार लोकांदेखत.”

मला वाटलं, आता बाई त्या क्लबचं तोंडही बघणार नाहीत. झालं उलटंच. त्या दर रविवारी जात राहिल्या. “मी सोडलं की त्याले मोकळं रान,” एवढंच म्हणाल्या. फक्त एक अट घातली. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या जागी, जाणारी प्रत्येक गोळी त्यांच्या हाताखालून जाईल, नाहीतर शाळेच्या मुली येणार नाहीत. शेलारांना वर्तमानपत्रात मुलींसोबत फोटो छापून आणायची हौस होती, त्यांनी हसत हसत मान्य केलं. बाईमाणूस किती दिवस गोळ्या निवडत बसेल, असंही कोणाला तरी म्हणाले. बाई शेवटपर्यंत बसल्या.

शनिवारी दुपारी क्लबच्या व्हरांड्यातल्या टेबलावर पांढरं फडकं अंथरून त्यांचं काम चाले. मीही वह्यांचा गठ्ठा घेऊन सोबतीला जाऊन बसे. आधी डबा. सील शाबूत आहे का, लॉटचा नंबर काय. एका डब्यात दोन लॉटच्या गोळ्या दिसल्या की तो डबा बाजूला. मग एकेक गोळी तळहातावर. पितळेवर हिरवट छटा नको. शिशावर पांढरी पूड नको. दोन बोटांत धरून शिसं हलकेच फिरवून बघायचं, हललं तर गोळी बाद. काचेवरून घरंगळवायची, डुगडुगली तर बाद. बुडाची कड सगळीकडून सारखी हवी, पोचा पडलेला चालणार नाही, कारण या गोळीला पेट देणारा मसाला त्या कडेतच भरलेला असतो. एवढ्यातून पार पडलेल्या लॉटमधल्या थोड्या गोळ्या बाई आधी स्वतः उडवून बघत. “महागाची गोळी म्हणजे चांगली, असं काही नसतं,” त्या मुलींना सांगत. “रायफलला कोणती मानवते ते कागदावर बघायचं. आणि आवाज जरा जरी दबका आला तर तिथेच थांबायचं. बोल्ट काढून मागच्या बाजूने नळीतून उजेड दिसतो का ते बघितल्याशिवाय पुढची गोळी भरायची नाही. मागचं शिसं नळीत अडकलेलं असलं तर पुढची गोळी नळी फाडेल.”

चांगली गोळी निघाली की बाई काही बोलत नसत, नुसती फडक्यावर मांडून ठेवत. खराब निघाली की पत्र्याच्या डब्यात टाकत आणि हळूच म्हणत, “शेलार.” थोड्या वेळाने पुन्हा टणकन आवाज येई आणि पुन्हा, “शेलार.” कधी लागोपाठ तीन-चार शेलार निघत. आवाजात राग नसे, नोंद घेतल्यासारखं असे, आणि तेच ऐकायला भयंकर वाटे. मुलींनी तो शब्द उचलला. डब्यातलं केळं काळं पडलेलं निघालं की “शेलार निघालं गं” म्हणून त्या ते फेकून देत. साहेबांच्या कानावर हे कधी तरी गेलं असणार. पण तक्रार करायची तर कशाबद्दल, हे सांगावं लागलं असतं.

बाईंची ही नजर क्लबच्या बाहेरही सुटी घेत नसे. एकदा दसऱ्यानंतर मी त्यांच्याबरोबर बँकेत गेले होते. दारात नवा पहारेकरी, खांद्याला रायफल, कमरेच्या पट्ट्यात झगझगीत काडतुसं. बाई पायरीवरच थांबल्या.

“काडतुसं कशानं घासली रे?”

“चिंचेनं, बाई,” तो खुशीत म्हणाला. “दसऱ्याची पूजा व्हती. आंघोळ घातली, हळदकुंकू वाह्यलं, वरून तेलाचा हात बी फिरवला.”

“कोठला तू?”

“अमळनेरकडला.”

मग बाई अहिराणीत सुरू झाल्या, म्हणजे फार राग नव्हता. पूजा बंदुकीची कर, फूल वाहा, कुंकू दस्त्याला लाव. काडतुसाला आंघोळ कसाले? पाणी आणि तेल झिरपून आत गेलं की मसाला मरतो. उद्या चोर समोर उभा राहील, तू चाप ओढशील आणि बंदूक नुसती टक् करील. “मंग काय करशी?” त्यांनी विचारलं. बोल्ट उघडून दुसरी भरीन, तो म्हणाला. बाईंनी त्याचा हातच धरला. “नही! टक् झालं की नळी समोर ठेवायची आणि हलायचं नाही. पुरतं एक मिनिट. मेलेली वाटणारी गोळी कधी कधी उशिरा पेटते. तू बोल्ट उघडला आणि ती तेव्हाच पेटली, तर तुझं तोंड तिथेच असेल.” एवढं सांगून त्या सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये गेल्या. दार लावलेलं असूनही आतून मला तीन वेळा ‘कृपया’ ऐकू आलं. पुढच्या वेळी गेलो तेव्हा त्या पट्ट्यात नवी काडतुसं होती.

वर्षं गेली. बाई निवृत्त झाल्या, तरी रविवार चुकला नाही. लोक त्यांना समजावत, आता सोडा, झालं गेलं. स्टाफरूममधल्या एका शहाण्याने क्षमेवर छोटंसं भाषणही दिलं होतं. बाईंनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “डोळा तुमचा गेला का? मग क्षमा तुम्ही कसली वाटत फिरता?” मला ते उत्तर फार आवडलं. माझ्याही मनात शेलारांबद्दल क्षमाबिमा काही नव्हती. वर्तमानपत्रात मुलींच्या खांद्यावर हात ठेवलेला त्यांचा फोटो दिसला की मी त्यावर भाजी निवडायला घ्यायची.

मग ती शनिवारची दुपार आली. दुसऱ्या दिवशी क्लबची वार्षिक स्पर्धा होती. लहान मुलांच्या सरावासाठी म्हणून शेलारांनी कपाटाच्या तळातून काही डबे काढून पाठवले. बाईंनी पहिली गोळी तळहातावर घेतली आणि ती कितीतरी वेळ खाली ठेवलीच नाही. कडेखाली हिरवी रेघ, शिशावर पांढरी पूड. मी म्हटलं, “त्याच का?” बाईंनी मान हलवली. साहेबांनी त्या फेकल्या नव्हत्या. एवढी वर्षं सांभाळून ठेवल्या होत्या आणि आता पोरांच्या हातात द्यायला काढल्या होत्या. मला वाटलं, बाई टेबल उलथून टाकतील. त्यांनी डबा बंद केला आणि हसल्या. त्यांना मी इतक्या मनापासून हसताना कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघून बरं वाटलं नाही.

रविवारी मंडप घातलेला, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर पालक, पुढे सोफ्यावर प्रमुख पाहुणे. रेंज ऑफिसर देवरे बाई, हातात माइक. दर वर्षी उद्घाटनाची गोळी शेलार साहेब उडवत, मॅटवर पोटावर झोपून, आणि त्याचा फोटो निघे. बाईंनी माइकवर सांगितलं, “या वर्षीही मान साहेबांचाच. गोळ्याही त्यांनीच काढून दिलेल्या. काल मला निरोप आला होता, माल एकदम उत्तम आहे.” आणि तो डबा त्यांनी मॅटशेजारी ठेवला.

शेलारांनी डबा पाहिला. हसू तसंच राहिलं, चेहरा मात्र उतरला. खाली वाकून हळूच म्हणाले, “बाई, हा नको. दुसरा आणा.”

“का, साहेब?” बाई माइकवरच बोलल्या. “यात काही खोट आहे का?”

सगळे बघत होते. पाहुणेही कौतुकाने पुढे सरकून बसले होते. “छे छे,” शेलार म्हणाले, “उत्तम आहे.” सफारीची घडी सांभाळत ते मॅटवर झोपले. बाईंनी स्वतःचा संरक्षणाचा चष्मा काढून त्यांच्यापुढे धरला. “हा घाला, कृपया. सुवर्णाला दिला नव्हता.”

पहिली गोळी सुटली. टाळ्या झाल्या. शेलारांच्या जिवात जीव आलेला पाठीवरूनसुद्धा दिसत होता. ते उठायला लागले, तर बाई म्हणाल्या, “फोटो निघाला नाही, साहेब. आणखी एक.” त्यांनी दुसरी भरली, चाप ओढला. टक्.

त्यांचा हात बोल्टकडे गेला. बाईंचा आवाज माइकशिवायही सगळ्या मंडपात घुमला असता. “हात लावू नका! मिसफायर. नळी समोर. हलायचं नाही.”

शेलार जागच्या जागी गोठले. पालक कुजबुजायला लागले. बाईंनी लाल झेंडा वर केला आणि शांतपणे सगळ्यांना समजावलं, की गोळी पेटलेली नाही, पण कोणत्याही क्षणी पेटू शकते. मग शेलारांच्या डोक्याशी गेल्या आणि माइक खाली धरला.

“साहेब, एक सांगा. गोळी कोरडी असेल तर तुम्ही आत्ता बोल्ट उघडून उठू शकता. कधी काळी भिजलेली असेल तर बराच वेळ असंच पडून राहावं लागेल. कोरडी की भिजलेली?”

असा नियम कुठल्याही पुस्तकात नाही. कोरडी असो की ओली, थांबायचं ते थांबायचंच, हे त्यांनी स्वतःच मला किती तरी वेळा सांगितलं होतं. त्या खोटं बोलत होत्या, आणि ते ओळखणारी तिथे मी एकटीच होते. मी गप्प बसले, आनंदाने.

“बाई, हे काय चालवलंय?” शेलार कसेबसे म्हणाले. मान आखडली होती, टिळा घामाने भुवईवर ओघळला होता. बोल्ट त्यांच्या डोळ्यापासून चार बोटांवर होता.

“कोरडी असेल तर उघडा. मी अडवत नाही.”

हात पुढे गेला. बोटं बोल्टच्या मुठीला लागली. आणि मागे आली.

“भिजलेली,” शेलार म्हणाले.

“मोठ्याने. माइकमध्ये. कुठे भिजली?”

“खाडीचं पाणी शिरलं होतं. वाळवल्या होत्या.”

“कधी?”

“बाई, पुरे करा.”

“कधी? सुवर्णाच्या डोळ्याच्या आधी की नंतर?”

“आधी,” शेलार म्हणाले. “त्या मुलीची चूक नव्हती.”

कोणी तरी मागच्या रांगेतून शिवी हासडली. पाहुणे उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, आता उठू द्या त्यांना.” बाईंनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. “मिनिट झालं नाही,” त्या म्हणाल्या. मिनिट केव्हाच झालं होतं. पाहुण्यांनी आणखी दोन वेळा विनवलं, दोन्ही वेळा बाईंनी घड्याळ पाहिलं आणि तेच सांगितलं. माणूस पालथा पडलेला, सफारी पाठीवर वर सरकलेला, खालून बनियन दिसत होतं. अखेर बाईंनी त्यांना बाजूला सरकवलं, तोंड वळवून बोल्ट उघडला, ती गोळी काढली आणि पत्र्याच्या डब्यात टाकली. या वेळी नाव घेतलं नाही.

संध्याकाळी आम्ही रिक्षाने सुवर्णाकडे निघालो. ती स्पर्धेला आली नव्हती, त्या क्लबच्या गल्लीतही ती पाय ठेवत नसे. शेलारांनी दुपारीच राजीनामा दिला होता, फळ्यावरची नोटीस रद्द करतो असं कमिटीने सगळ्यांसमोर सांगितलं होतं. माझ्या अंगात नुसता उत्साह संचारला होता. बाई म्हणाल्या, “मीही सोडलं. रेंजची किल्ली देऊन आले.”

“तुम्ही का?”

“माझ्या रेंजवर मी एका माणसाला खराब गोळी भरू दिली. माहीत असताना. पहिली गोळी सुटली तेव्हा मला वाईट वाटलं, कर्णिक बाई. फुटायला हवी होती, असं वाटलं.”

“मग आता पश्चात्ताप होतोय?”

“छे!” त्या माझ्याकडे वळल्या. “पुन्हा संधी मिळाली तर पुन्हा करीन. म्हणून तर किल्ली दिली.”

दुसऱ्या आठवड्यात आम्ही सुरत सोडणार होतो, सामान बांधून झालं होतं. म्हणून ही बाईंची माझी शेवटची संध्याकाळ. गोडादऱ्याच्या त्या घरात सासू देवळात गेली होती, नवरा लूमवर. सुवर्णा साडीवर खडे चिकटवत बसली होती. बाईंनी तिला सगळं सांगितलं. तिने हातातलं काम खाली ठेवलं.

“त्याच्याच तोंडानं बोलला? मन्ही चूक नव्हती म्हणे?”

“माइकमध्ये.”

“कितला वेळ पडेल व्हता?”

“पाहुण्यांचा चहा निवला तोवर.”

सुवर्णा हसायला लागली. पदर तोंडाशी धरून, हुंदके दिल्यासारखी. “कसा पडेल व्हता, बाई? दाखवा ना!” आणि साठी उलटलेल्या, जिल्हाभर दरारा असलेल्या देवरे बाई साडी खोचून त्या फरशीवर पालथ्या झोपल्या. एक हात पुढे, मान आखडलेली, डोळे गोल गोल फिरवत. “असा! आणि बनियन वर!” आम्ही तिघी हसून हसून बेजार झालो. सुवर्णाने दोन्ही डोळे पुसले, चांगलाही आणि दुसराही.

मग ती हसायची थांबली. बाई हात टेकून उठायला लागल्या होत्या.

“बाई, त्या दिवशी गोळी माझ्या हातावर तुम्हीच ठेवलेली.”

“हो.”

“बघितली नव्हती.”

“नाही,” बाई म्हणाल्या. “डबा बघितला.”

“मग आता पडून ऱ्हा,” सुवर्णा म्हणाली.

बाईंनी टेकलेला हात काढून घेतला आणि हनुवटी परत फरशीवर ठेवली. सुवर्णा ओट्याकडे गेली, चहाचं पाणी ठेवलं, आलं ठेचायला घेतलं, कसलीही घाई न करता. मी म्हणणार होते, अगं, त्यांचं वय बघ. पण तोंड उघडायच्या आत बाईंनी खालूनच माझ्याकडे अशी नजर टाकली की मी चप्पल पायात सरकवून बाहेर आले. दारातून वळून पाहिलं तेव्हा चहाला उकळी येत होती, सुवर्णा पाठमोरी उभी होती, आणि तिने उठा म्हणेपर्यंत देवरे बाई जमिनीवर तशाच पडून होत्या.